गिरजाबाई कधी नव्हतीच

आमच्या घरी लिंबू आणि मिरची एकत्र येतात ती लोणच्याच्या बरणीत, दारावर नाही. हे आधीच सांगून टाकते. भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदराखाली मी आजवर फक्त कमेंट करत आले, आणि त्या कमेंट कशा असतात ते इथल्या जुन्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. कुणाला खिडकीत बाई दिसली की मी विचारायचे — चष्म्याचा नंबर तपासलात का? आज माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. ज्यांना उट्टं काढायचं असेल त्यांनी खुशाल काढा. फक्त शेवटपर्यंत वाचून मग काढा...

मी आर्किटेक्ट आहे. शिक्षण आणि नोकरी पुण्यात झाली. बाबा गेल्यावर आईकडे बघायला कुणी उरलं नाही म्हणून वाशीमला परत आले आणि इथंच छोटंसं ऑफिस टाकलं. आईला विसरण्याचा आजार आहे. सुरुवातीला ती गॅस बंद करायला विसरायची, मग किल्ल्या, मग माणसं. शेजारी, भाऊ, भाचे असे एकेक जण तिच्या डोक्यातून निघून चालले होते. रोज सकाळी चहा हातात देताना मी तिला विचारायचे, "आई, मी कोण?"

ती हसायची. "कोन म्हंजे? माही नंदा नं तू!"

एवढं ऐकलं की माझा दिवस सुरू व्हायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं की एक दिवस हे उत्तर यायचं बंद होईल. तो दिवस पुढं ढकलायचा, एवढंच माझं त्या काळातलं खरं काम होतं. बाकीची ड्रॉइंगं वगैरे पोटापाण्यासाठी.

त्यातलंच एक ड्रॉइंग होतं आमच्या गावातल्या चर्चच्या चौकाचं. चर्चचं नाव देत नाही आणि वाशीमकरांनी कमेंटमध्येही देऊ नये. चौकाला सगळे 'गिरजाबाईचा चौक' म्हणतात. काळ्या दगडाचं, उतरत्या कौलांचं छोटंसं चर्च, वर घंटेचा मनोरा आणि भोवती चार रस्ते. चौक म्हणायचं, पण चौकोनाशी त्याचं काही नातं नाही. चर्च बांधलं तेव्हा तिथं नुसतं माळरान होतं. मिशनवाल्यांनी ते आपल्या रीतीप्रमाणे पूर्व-पश्चिम बांधलं. रस्ते आले नंतर, आणि ते आले जमिनीच्या उताराप्रमाणे, बाजाराच्या ओढीनं. त्यामुळं चर्च चौकाच्या मधोमध तिरकं उभं दिसतं, घर बदलताना हमालांनी ठेवून दिलेल्या कपाटासारखं. त्या तिरकेपणामुळं दारासमोर एक तिकोनी तुकडा मोकळा राहिलेला. त्या तुकड्यात होता गिरजाबाईचा ओटा. गुडघ्याएवढा उंच, दगड-चुन्याचा, एक माणूस आडवा होऊ शकेल एवढा लांब.

वाशीममध्ये लहानाचं मोठं झालेल्या प्रत्येकाला हा ओटा माहीत. बाजाराला निघालं की आई माझं मनगट पकडून बजावायची, "हात सुटला तं रडत फिरू नोको. गिरजाबाईपाशी जाऊन उभी राह्यजो. थे सांभायते." ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी माणसं ट्रकची वाट बघत इथंच बसायची, आणि परत आल्यावर एकमेकांना शोधायचीही इथंच. चुकलेलं माणूस सापडलं की घरातली बाई ओट्यावर एक हिरवी बांगडी ठेवून जायची. ही गिरजाबाई कोण होती म्हणून विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगत. कुणी म्हणे विहिरीत पडलेली सून, कुणी म्हणे हरवलेल्या लेकराला शोधत मेलेली माय.

मला चौक सुधारायचं काम मिळालं तेव्हा मी ठरवलं की आधी हिचा छडा लावायचा. चौकातच मुश्ताकभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. त्यांना विचारलं तर ते मिश्या चोळत हसायलाच लागले.

"बाईबिई कोनी नाही मॅडम! आमचे अब्बा चर्चले गिरजाच म्हनत. उर्दूत गिरजाच म्हन्तेत नं त्याले. टांगेवाले सारे आमच्यातलेच. स्टेशनावर आवाज देत — गिरजा, गिरजा! खेड्यातून आलेल्या बाया टांग्यातून उतरल्या का विचारत, हे गिरजा कोन व्हय? मंग पुढं 'बाई' कोनं जोडलं, अल्लाले मालूम."

मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते. गिरजा म्हणजे गिरजाघर! आपल्याकडं गिरजा म्हणजे पार्वती, म्हणजे बाईमाणूस, म्हणून गावानं एका इमारतीची बाई करून टाकली होती. ओट्याचं कोडं पास्टर साळवेंनी सोडवलं. मनोरा व्हायच्या आधी चर्चची घंटा त्या ओट्यावर दोन लाकडी खांबांना टांगलेली असायची. बाजारात कुणाचं लेकरू चुकलं तर त्याला ओट्यावर उभं करून घंटा वाजवायचे. झालं! शब्द कळला, ओटा कळला, सांभाळणं कळलं. दोन दिवस मी हवेत होते. सांगायला कुणी मिळालं नाही तेव्हा आईलाच सांगितलं. ती म्हणाली, "असं व्हय," आणि झोपून गेली.

ओटा काढायचा निर्णय माझा होता आणि आजही तो प्लॅन माझ्यासमोर ठेवलात तर मी तेच करीन. बाजारातून चर्चकडं जाणारी पायवाट तो बरोबर मध्ये अडवायचा, आणि लोक वळसा घालायला म्हणून थेट वाहनांमध्ये शिरायचे. रीतसर विचारलं, पास्टरांची हरकत नव्हती, बाकी कुणाचीही आली नाही. ओटा फोडताना जेसीबी बंद पडला नाही, कुणाला ताप आला नाही, असल्या गोष्टींत होतं त्यातलं काही म्हणता काही झालं नाही. त्या जागेवर सपाट काळ्या फरशा बसवल्या. कडेला माहितीचा फलक लावला. चौकाचा इतिहास मीच लिहिला आणि शेवटी एक ओळ टाकली — 'गिरजा' म्हणजे चर्च. गिरजाबाई नावाची कोणी व्यक्ती कधी नव्हती.

फलक लागला त्या दिवशी तिथं भाजी विकणाऱ्या एका बाईनं तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई नव्हती म्हन्ता? मंग माही पोरगी सांजलोक कोनं सांभायली?"

"चौकातल्या लोकांनी," मी म्हटलं.

"लोकायले तं माही पोर दिसलीबी नाही," ती म्हणाली आणि टोपलीपाशी जाऊन बसली. मला हसू आलं होतं, ते मी दाबलं.

त्यानंतर मला एक गोष्ट खटकायला लागली. ओटा गेला तरी लोक त्याला वळसा घालूनच चालत होते. सवय असते, मान्य. पण नव्यानं बदली होऊन आलेली माणसं? ज्यांनी ओटा कधी पाहिलाच नाही ती? मी मुश्ताकभाईंच्या दुकानात बसून बघायचे. लोक सरळ येत, ठरावीक ठिकाणी किंचित डावी-उजवीकडं होत आणि पुन्हा सरळ जात. मोबाइलमध्ये डोकं घातलेली पोरंसुद्धा. शेळ्यासुद्धा! काही महिन्यांत बाकीच्या फरशा पायांनी गुळगुळीत झाल्या, पण ओट्याएवढ्याच एका लांबट तुकड्यावर छिन्नीचे वार अजून तसेच पांढरे होते. मी त्यावर एक-दोन स्पष्टीकरणं तयार केली, उतार, पाण्याचा निचरा वगैरे. एकदा मुद्दाम त्या तुकड्यावरून चालूनही पाहिलं आणि काही झालं नाही. निदान मी चालले होते असं मला आठवतं...

आता मूळ गोष्ट.

चैत्रातला बाजाराचा दिवस. दुपारचं ऊन असं की डांबर मऊ झालेलं. आईच्या चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून तिला घेऊन चौकातल्या चपलांच्या दुकानात गेले. ती स्टुलावर बसली, दुकानदारानं तिच्या जुन्या चपला काढून बाजूला ठेवल्या. तेवढ्यात मला साइटवरून फोन आला. मी पाठ वळवली, बोलले, फोन ठेवून वळले तर स्टूल रिकामं. दुकानदार आतून खोका घेऊन येत होता. आईच्या जुन्या चपला तिथंच पडलेल्या.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिला घर माहीत नाही, माझा नंबर माहीत नाही, शुगरची गोळी घेतलेली, पायात काही नाही. मी त्या तुटक्या चपला हातात घेऊन चौकभर पळत सुटले. "आई, आई" म्हणून ओरडले तर बाजारातल्या निम्म्या बाया वळून बघायला लागल्या. मुश्ताकभाई दुकान तसंच टाकून आले. पास्टर साळवेंनी चर्च उघडून बाकांखाली वाकून पाहिलं. ऑटोवाले स्टेशनकडं, बसस्टँडकडं गेले. पोलीस चौकीत फोटो दिला. मी चौकातून बाजारात, बाजारातून चौकात अशा कितीतरी चकरा मारल्या. प्रत्येक चकरेगणिक मला एकच दिसत होतं — आई कुठंतरी रस्त्याच्या कडेला पडली आहे आणि लोक विचारताहेत, आजी तुमचं नाव काय? आणि तिला ते सांगता येत नाहीये.

उन्हं उतरायला लागली. घसा बसला होता. मी त्या फलकापाशी येऊन थांबले, कारण तिथं टेकायला खांब होता. समोर माझंच वाक्य होतं. गिरजाबाई नावाची कोणी व्यक्ती कधी नव्हती. ते वाचता वाचता मला एकदम रडू फुटलं. लाज सोडून मी मोठ्यानं म्हणाले, "गिरजाबाई, माझी आई द्या हो..."

मान वर केली तर आई समोर उभी.

दोन हातांच्या अंतरावर. त्या फरशांच्या लांबट तुकड्यावर. उजवा हात थोडा उचललेला, बोटं अर्धवट मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. मी तिला मिठी मारली, तिच्या पायांशी बसले, तळवे पाहिले. एक फोड नाही. फरशीला हात लावला तर ती माठासारखी गार होती. वीतभर पलीकडच्या फरशीला बोट टेकवत नव्हतं.

"किती वेळ लावला, बाई," आई म्हणाली. माझं तिच्या शब्दांकडं लक्ष नव्हतं. मी तिला चपला घालत होते.

डॉक्टरांनी तपासलं. शुगर व्यवस्थित, अंगातलं पाणी व्यवस्थित. "सावलीत बसल्या असतील कुठंतरी," ते म्हणाले. मीही तेच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाईंचा फोन आला. "मॅडम, दुकानात या. एकट्या या, आईले आनू नोका."

त्यांच्या दुकानावर कॅमेरा आहे, चौकाकडं तोंड केलेला. त्यांनी त्यातलं कालचं रेकॉर्डिंग चालू केलं. आई दुकानातून अनवाणी बाहेर पडते. सरळ त्या तुकड्यावर जाऊन उभी राहते. तिचा उजवा हात हळूच वर येतो. आणि ती तिथंच उभी आहे. सगळा वेळ. जागची हललेली नाही. मग पडद्यावर मी येते, हातात चपला. तोंड उघडं, ओरडतेय. मी नाकासमोर तिच्याकडंच चालत येते, अगदी हाताच्या अंतरावर येते... आणि किंचित डावीकडं होऊन, तिला वळसा घालून, पुढं निघून जाते. पुन्हा येते. पुन्हा वळसा. आईची मान माझ्यामागं वळते आहे. तिचे ओठ हलताहेत. पास्टर जातात, वळसा घालून. मुश्ताकभाई स्वतः जातात, वळसा घालून. शेवटी मी फलकापाशी थांबते. आई माझ्यासमोर आहे, मी तिच्या अंगावरून नजर फिरवते आहे, आणि मला ती दिसत नाहीये.

मुश्ताकभाईंनी चित्र तिथंच थांबवलं. "मॅडम, तुमी पयत होत्या तवा मी तं धा खेप तठूनच गेलो. खुदा की कसम, तठी कोनी नव्हतं."

त्यांनी विचारलं, ठेवू का मिटवू? मी म्हटलं, मिटवा. त्यामुळं पुरावा मागू नका, तो नाही. मला तो दुसऱ्यांदा बघवला नसता. येताना त्यांच्याकडूनच एक हिरवी बांगडी घेतली आणि त्या नुसत्या फरशीवर ठेवली. असलं काही मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. कसं वाटलं विचाराल तर भीती वाटली, दुसरं काही नाही.

घरी आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आई, काल चौकात तू कुणाबरोबर होतीस?"

"बाईसंगं," ती सहज म्हणाली. "तिनं हात धरला नं माहा. लय गार हात. म्या हाका मारून राह्यली होती, कोनी ऐकेच ना. बाई म्हने, थांबा, तिले नाही ऐकू येनार. मी नाहीच म्हून तिनंच लिवून ठेवलं हाय."

आईला आता वाचता येत नाही. फलकावर काय लिहिलंय ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. शब्दाची गंमत सांगितली होती, ओळ नाही. मी विचारलं, "अजून काय म्हणाली?"

"रडत होती बिचारी. म्हने, आता मले नावच नाही राह्यलं. मले काहीतरी म्हना. तुमी म्हनाल थे म्हना." आईनं शेंगेचं टरफल नीट बाजूला ठेवलं. "मले दया आली. म्या म्हटलं, रडू नोको माय. तू माही नंदा."

मी एक शेंग उचलून फोडली.

"मंग तिचा हात गरम झाला," आई म्हणाली.

सकाळी राहून गेलेला रोजचा प्रश्न मी विचारला, विचारायलाच हवा होता. "आई, मी कोण?"

तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. अनोळखी माणसाशी आपण जितक्या अदबीनं वागतो तितक्या अदबीनं. "तुमी," ती आठवत म्हणाली, "थ्या बाई नं... चपला घेऊन आल्या होत्या."

डॉक्टर म्हणतात, हा दिवस येणारच होता, तो योगायोगानं त्या धक्क्यानंतर आला. बरोबर आहे त्यांचं, दुसऱ्या कुणी हेच लिहिलं असतं तर मीही खाली हीच कमेंट केली असती. फलकावरची ती ओळ मी खरडून काढायला लावली. पण आईनं दिलेलं नाव परत घ्यायची काही रीत असेल तर मला ती माहीत नाही, आणि कुणाला विचारावी हेही कळत नाही. जी बाई कधी जन्मलीच नाही, एका शब्दाच्या घोटाळ्यातून आली, तिचं भूत तरी कसं होईल? मी रोज यावर डोकं आपटते. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सापडलं तर खरंच सांगा, मी चेष्टा करणार नाही.

आई दुपारी हाक मारते, "नंदे..." पहिल्यांदा मी ओ दिली तर म्हणाली, "तुमाले नाही बाई, नंदाले." आता मी ओ देत नाही. स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहते. थोड्या वेळानं तिचा आवाज येतो, "आली का? ये, बस." मग ती तिच्याशी बोलत बसते, माझ्या लहानपणचं. मला गोवर आला तेव्हा तिनं रात्री कशा काढल्या, माझं नाव आधी दुसरंच काय ठेवायचं ठरलं होतं, पुण्याला जाताना मी मागं वळून पाहिलं नाही म्हणून ती बसस्टँडवर किती वेळ बसून राहिली. एक शब्द अडखळत नाही. मी दाराआड उभी राहून ऐकते, कारण यातलं बरंचसं तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं.